फळाची सवड

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता पिंपळी आणि लिमटेक मागे टाकून काटेवाडीला पोहोचतो. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी याच वाटेने पुढे सरकते, आणि काटेवाडीत पालखीखाली अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या व तिच्याभोवतीचे मेंढ्यांचे रिंगण पाहण्यासाठी सारी पंचक्रोशी रस्त्याच्या दुतर्फा लोटते, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु ज्या पिंपळीच्या शिवेवरून हा वैष्णवांचा मेळा दरवर्षी जातो, त्या पिंपळीत एके काळी द्राक्षांची वाइन तयार होत असे आणि बारामती ग्रेप इंडस्ट्रीज या कारखान्याची ती वाइन ‘बॉस्का’ या इटालियन नावाने मुंबई-दिल्लीपर्यंत जात असे, हे आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला सांगितले तर तो बहुधा विस्मयाने पाहत राहील. बॉस्का हे इटलीच्या पीडमाँट प्रांतातील कानेल्ली गावचे १८३१ पासून मद्यनिर्मिती करणारे घराणे. त्याचे नाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या एका खेड्याशी जोडले जावे, हा योग मला आजही नवलाचा वाटतो.

पिंपळीच्या परिसरात वाढलेल्या माझ्या पिढीला या कारखान्याविषयी अभिमान वाटावा की संकोच, हे कोणी कधी सांगितले नाही. कारखाना द्राक्षांचा आहे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगत आणि तेथेच थांबत. द्राक्षांचे पुढे काय होते, हा प्रश्न माजघरात विचारण्याजोगा नव्हता. ऊस गाळला की साखर होते, कापूस कातला की सूत होते. त्याप्रमाणे द्राक्षे ठेचली की जे होते, ते एक शेतमालच आहे, असा विचार आमच्या घरांत शिरायला जागा नव्हती. कारण ‘दारू’ या नावाखाली आम्ही पाहिलेली वस्तू निराळी होती. ती बाजाराच्या दिवशी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसाच्या रूपाने दिसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांत दिसे. हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याने द्राक्षमद्याविषयी काही चांगले लिहावयाचे म्हटले तरी त्याची लेखणी आधी अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य आहे.

वास्तविक द्राक्ष आणि मद्य यांचा संबंध या भूमीला नवखा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या, रसापासून होणाऱ्या मद्याचा उल्लेख असून कापिशायन आणि हारहूरक ही त्याच्या प्रकारांची नावे दिली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक व्यापारी ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची जी यादी आहे, तीत मद्याचा समावेश असून त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असल्याचे नमूद आहे. आणि नेवासे व तेर येथील उत्खननांत ज्या रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली, ते निमुळत्या बुडाचे, दोन कानांचे कुंभ समुद्रमार्गे येऊन घाट चढून या पठारावर पोहोचले होते, याविषयी शंका राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी गोदाखोऱ्यातल्या माणसाने इटलीचे मद्य विकत घेतले, आणि विसाव्या शतकात कऱ्हाकाठच्या माणसाने इटलीच्या नावाने आपले मद्य विकले. या दोन्ही व्यवहारांच्या मधल्या काळात आपल्याकडे आसवे आणि अरिष्टे अव्याहत चालू होती. द्राक्षारिष्ट, कुमारीआसव, दशमूलारिष्ट यांची बाटली ज्याच्या फडताळात नव्हती असे घर विरळा. धायटीची फुले घालून महिनाभर मुरवलेल्या त्या औषधांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यांश असतो, हे वैद्याला ठाऊक होते, घरच्या म्हातारीलाही ठाऊक होते, आणि बाळंतिणीला जेवणानंतर दोन चमचे देताना कोणाच्याही मनाला खंत वाटत नव्हती.

फळ आणि मनुष्य यांच्यामध्ये सरकारी दफ्तर येऊन बसले ते इंग्रजी अमलात. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मक्तेदारांच्या हाती कारभार गेला, ताडाच्या झाडांवर कर बसला. पुढे १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत रानात गळून पडलेली मोहाची फुले वेचून साठवणे हाच गुन्हा ठरला. आदिवासीच्या अन्नात, औषधात आणि देवकार्यात असलेल्या फुलावर जप्ती यावी आणि सरकारच्या महसुलात मात्र दारूच्या रकमेची भर पडत राहावी, या व्यवस्थेला नीती म्हणण्यास मन धजत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यामागची प्रेरणा निःसंशय शुद्ध होती. पण दारूबंदी ढिली झाल्यावरही परवाने, दाखले, नोंदवह्या आणि शिक्के यांचा पसारा तसाच राहिला. द्राक्षांपासून वाइन करणाऱ्याला शेतमालावर प्रक्रिया करणारा उद्योजक मानून काही सवलती देण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने २००१ साली जाहीर केले, तेव्हा नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. आणि मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या सावलीत, काही शेतकरी कुटुंबांनीही आपापल्या बागेच्या बांधावर लहानशा वाइनऱ्या काढल्या.

त्यांपैकी दिंडोरी तालुक्यातील एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला तो आमच्या पिंपळीच्या तात्यांमुळे. तात्या आमच्या शेजारचे जुने बागाईतदार. बारामती-इंदापूरचा मुलूख उसाचा म्हणून ओळखला जातो, आणि कालव्याच्या पाण्याने तो तसा झाला हे खरेच आहे. पण इंदापूर तालुक्यातल्या बोरीच्या काळ्या द्राक्षांचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या मुरमाड रानांतली बागेची हौसही ठाऊक असेल. तात्यांनी आयुष्यभर मांडव सांभाळला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डोळे फुटण्यासाठी काड्यांना द्यावयाचे पेस्टिंग, मण्यांची विरळणी, डिपिंग, आणि या साऱ्यांत रात्रंदिवस डोक्यावर टांगलेली डावणी आणि भुरी या रोगांची धास्ती, हे त्यांचे पंचांग. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी रिफ्रॅक्टोमीटर असतो. मणी चिरडून त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटायचा, आणि आतल्या निळ्या-पांढऱ्या रेषेवर गोडी वाचायची, ही क्रिया मी त्यांना इतक्या वेळा करताना पाहिले आहे की त्यांचा चेहरा आठवू म्हटले तर एक डोळा मिटलेलाच आठवतो.

द्राक्ष बागाईतदाराचे खरे दुःख लहरी पावसाइतकेच त्याला न मिळणाऱ्या सवडीचे आहे, हे मला तात्यांच्या बागेतच उमजले. घड गोडीला आला की त्याला थांबता येत नाही. व्यापारी बांधावर येतो, उभ्या उभ्या दर सांगतो, आणि बागाईतदाराला थांबता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. फेब्रुवारीतल्या एका रात्री अवकाळी सरी येऊन गेल्या. सकाळी तात्या आणि मी मांडवाखालून चाललो होतो. वरून पाहता घड नेहमीसारखेच भरदार दिसत होते. पण तात्यांनी एक घड तळहातावर हळूच उचलला आणि आतल्या बाजूच्या मण्यांकडे बोट केले. देठाजवळ केसाएवढी बारीक चीर गेली होती आणि तिच्या काठावर रसाचा एकेक बिंदू जमला होता, त्यावर माश्या येऊ लागल्या होत्या. दुपारी व्यापारी आला. त्याने आदल्या दिवशी ठरवलेला दर निम्म्यावर आणला, आणि तात्यांनी मान हलवून होकार दिला. त्या फळाच्या गोडीत काहीही उणे झाले नव्हते. फक्त ते आणखी दोन दिवस थांबू शकत नव्हते, आणि ती दोन दिवसांची सवड नसण्याची किंमत एका वर्षाच्या श्रमातून वळती झाली. २०१९ च्या परतीच्या पावसात नाशिककडच्या बागांची जी अवस्था झाली, ती वर्तमानपत्रांतून साऱ्यांनी वाचली. पण अशी लहान लहान दुपार प्रत्येक बागेच्या बांधावर दरवर्षी येते आणि तिची कोठेही नोंद होत नाही.

आम्ही निघालो ते ज्येष्ठात. खरड छाटणी उरकून बाग ओलांड्यावर नवी फूट धरीत होती, त्यामुळे तात्यांना थोडी मोकळीक होती. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करीत नाशिककडे जाताना नारायणगावाशी तात्या हात करून म्हणाले, ‘‘शँपेन इथं व्हायची.’’ शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तेथे फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करून ती परदेशी पाठवली, आणि पुढे २००८ नंतरच्या मंदीत तो मोठा डोलारा खाली आला, हा इतिहास तात्यांना तोंडपाठ आहे. कारण त्या पडझडीत ज्यांची द्राक्षांची बिले अडकली, त्यांत त्यांच्या नात्यातली माणसे होती.

दिंडोरीच्या पुढे कादवा नदीच्या खोऱ्यात वळल्यावर लाल-तपकिरी माती आणि काळा दगड यांची सरमिसळ लागते. कुटुंबाचे घर रस्त्यापासून आत, बागेच्या मध्यावर आहे. ओसरी, तिच्यासमोर शेणाने सारवलेले अंगण, आणि अंगणाच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छपराची, पण जाड भिंतींची एक लांबट इमारत. एवढाच सारा थाट. फाटकावर नक्षीदार पाटी नव्हती, हिरवळीवर मांडलेल्या खुर्च्या नव्हत्या. धाकटा मुलगा कृषिशास्त्राची पदवी घेऊन पुढे मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतलेला, थोरला बाग पाहणारा, दोघांच्या बायका हिशेब आणि बाटल्यांचे काम पाहणाऱ्या, आणि या सर्वांवर दृष्टी ठेवून ओसरीच्या जोत्यावर बसलेल्या त्यांच्या आजी. त्यांना सारे गाव माई म्हणते. माईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि पुढ्यात ताज्या जांभळांचा ढीग.

माईंच्या हातांकडे मी बराच वेळ पाहत होतो. चादरीवर पसरलेल्या जांभळांतून त्या दोन बोटांनी एकेक फळ फिरवीत होत्या. लालसर राहिलेले कच्चे फळ डाव्या हाताच्या टोपलीत, पूर्ण काळे पण फुटलेले समोरच्या पातेल्यात, आणि काळे, अखंड, देठाशी चमक असलेले उजवीकडच्या क्रेटमध्ये. बोटांच्या पेरांतल्या रेघांत जांभळा रंग इतका मुरला होता की साबणाने तो निघत असेल असे वाटत नव्हते. फुटलेले फळ टाकून देणार का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘टाकायचं कशाला बाबा? झाडावरून पडलं म्हणून फुटलं. आज सकाळचं हाये, आजच ठेचलं तर त्याला काय धाड भरलीय? उद्यापर्यंत ठेवलं तर मात्र आंबतं.’’ बाजारात फुटलेल्या जांभळाला गिऱ्हाईक नाही. नाशिकच्या मंडईत पोहोचेपर्यंत टोपलीतली निम्मी जांभळे लिबलिबीत होतात, म्हणून बांधावरच्या झाडांची फळे या भागात पूर्वी पाखरांच्या आणि पोरांच्याच वाट्याला जात. आता शेजारपाजारच्या वाड्या-पाड्यांवरच्या बायका पहाटे झाडाखाली जुनी लुगडी अंथरतात, फांद्या हलवतात आणि नऊच्या आत फळे माईंच्या अंगणात आणून घालतात. काट्यावर वजन होते, धाकटी सून वहीत मांडते आणि जागच्या जागी पैसे देते.

धाकट्या मुलाने आम्हांला आत नेले. बाहेर उकाडा होता, आत पाऊल टाकताच घामावर गारवा बसला. स्टीलच्या टाक्या दुहेरी भिंतींच्या, मधल्या पोकळीतून थंड पाणी फिरते. पांढऱ्या वाइनचा रस बारा ते सोळा अंशांच्या आसपास सावकाश आंबवावा लागतो, नाहीतर तिचा सुवास उडून जातो. तांबड्या वाइनला मात्र सालीतला रंग आणि तुरटपणा उतरवून घ्यायचा असल्यामुळे पंचवीस अंशांपर्यंतची ऊब चालते, आणि वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. जांभळाचे प्रकरण त्याहून नाजूक. गर काढताना आतली बी फुटता कामा नये, फुटली तर सारी टाकी कडू होते. काढलेल्या बिया उन्हात वाळवून त्यांचे चूर्ण मधुमेहासाठी एका वैद्यांकडे जाते. जांभळाच्या रसात साखर मुळात बेताची, म्हणून ती वरून घालावी लागते, हे त्याने आपण होऊन सांगितले. द्राक्षात मात्र वेलीने साठवली असेल तेवढीच. दर लिटर रसातली सुमारे सतरा ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की एक टक्का मद्यार्क तयार होतो, असा साधा हिशेब आहे.

त्या खोलीत एका टाकीच्या तोंडावर बसवलेल्या काचेच्या नळीतून बुडबुडे येत होते. माई मागोमाग आत आल्या होत्या. त्या टाकीशी कान नेऊन उभ्या राहिल्या आणि नातवाला म्हणाल्या, ‘‘ही अजून चार रोज बोलंल.’’ नातवाने हायड्रोमीटर बुडवून पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि काही न बोलता मान डोलावली.

मग एका फळीच्या टेबलाशी आस्वादाचा कार्यक्रम झाला. तीन पेले, पाण्याची सुरई, भाजलेले शेंगदाणे, आणि तोंडातला घोट टाकण्यासाठी पितळेचे एक जुने तस्त. मुलाने समजावून सांगितले की घोट गिळलाच पाहिजे असे नाही. जिभेवर घोळवून तस्तात टाकावा, म्हणजे पुढची चव स्वच्छ कळते. तात्यांनी त्या तस्ताकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘पिकवलेलं थुंकायचं? ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.’’ त्यांना थोडेथोडेच दिले, आणि त्यांनी ते सावकाश, अन्नाला देतात तो मान देऊन घेतले.

पहिली होती चेनिन ब्लांक. फिकट गवती रंगाची, आणि नाकाशी नेताच अर्धवट पिकलेल्या पेरूचा गंध यावा तशी. जिभेवर मात्र कैरीच्या फोडीचा आंबटपणा ठेवून गेली. दुसरी शिराझ, गडद तांबडी. तिच्या गंधात काळ्या मिऱ्यांची झाक होती आणि ती हिरड्यांना तुरटपणाने किंचित आवळीत होती. या दोन्ही फ्रान्सच्या मातीतल्या जाती, दीडदोन पिढ्यांपूर्वी येथे आलेल्या. त्या चांगल्या होत्या, नेमक्या होत्या. पण त्यांच्याविषयी बोलताना मुलाच्या तोंडी परदेशी शब्द येत होते, आणि त्यांची तुलना तो परदेशी वाइनशीच करीत होता. तिसरी जांभळाची ओतली तेव्हा त्याने काहीच सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. तो रंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या जिभेवर लहानपणी उमटलेला आहे. पहिल्या घोटात फळाचा आंबटगोड गर आला, पाठोपाठ घशापर्यंत उतरणारा तो ओळखीचा तुरटपणा, आणि सर्वांत शेवटी पहिल्या पावसाने भिजलेल्या पाचोळ्याचा मंद वास. या वाइनची तुलना कोणत्याही परदेशी नमुन्याशी करता येणार नाही, कारण तिचे मोजमाप ठरवण्याचा अधिकार आपला आहे. डहाणूजवळच्या बोर्डीत चिकूपासून वाइन करतात, अन्यत्र स्ट्रॉबेरी, अननस, डाळिंब यांपासून करतात. या प्रयत्नांना द्राक्षाच्या वाइनची धाकटी भावंडे मानण्याची प्रथा पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. युरोपात द्राक्षाला जे स्थान आहे, ते तेथल्या बांधावर द्राक्ष होते म्हणून. आपल्या बांधावर जांभूळ आहे.

तात्या मात्र शिराझपाशीच अडकले होते. त्यांनी पेला उजेडाकडे धरला, मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर वाइनचा थेंब टाकला आणि सवयीने एक डोळा मिटला. ‘‘सात दाखवतंय,’’ ते म्हणाले. ‘‘तोडणीला किती होती?’’

‘‘चोवीस, तात्या. पण ते सातही खरं नाही. मद्यार्क असला की ह्या यंत्राचं वाचन बिघडतं. साखर आता जवळपास शून्य आहे.’’

तात्या गप्प झाले. ज्या माणसाने सारा जन्म गोडी वाढवण्यात घालवला, एकेका ब्रिक्ससाठी पाणी तोडले, पालाश दिला, रात्री जागवल्या, त्याच्या हाती असे फळ आले होते की ज्यातली सारी गोडी निघून गेली होती आणि तरीही ज्याची किंमत वाढली होती. ‘‘मग राहिलं काय हिच्यात?’’ त्यांनी विचारले. प्रश्नात थट्टा नव्हती, त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मुलाने थोडा विचार करून उत्तर दिले, ‘‘ते वर्ष राहिलं, तात्या. ही त्या सालची आहे, जेव्हा डिसेंबरात थंडी लांबली होती. पुढच्या सालची अशी नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर तुम्हांला कळेल.’’

त्याने दुसऱ्या सालची बाटली उघडली, आणि तात्यांना फरक कळला. तो त्यांनी आपल्या शब्दांत सांगितला: आधीची दाट आहे, हिची साल पातळ होती. पुढे कितीतरी वेळ ते दोघे त्या दोन वर्षांतल्या थंडीविषयी, धुक्याविषयी आणि डावणीविषयी बोलत राहिले. पिंपळीतल्या तात्यांच्या बागेने पाहिलेली ती दोन्ही वर्षे केव्हाच विकली गेली होती, खाल्ली गेली होती, विसरली गेली होती. येथे ती दोन बाटल्यांत समोरासमोर उभी होती, आणि एका बागाईतदाराला आपल्याच आयुष्यातल्या ऋतूंची पुन्हा परीक्षा करता येत होती. फळाला मिळालेली ही सवड मला त्या दिवशी प्रथमच डोळ्यांना दिसली. ज्याचा माल थांबू शकतो, तो बांधावर आलेल्या व्यापाऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतो.

ही सवड फुकट मिळत नाही, हेही त्या कुटुंबाने लपवले नाही. थोरल्याने टाक्यांवरच्या कर्जाच्या व्याजाचा हिशेब सांगितला. बाटली, बूच, लेबल, राज्य उत्पादन शुल्क खात्याचे परवाने, प्रत्येक टाकीची नोंदवही, यांतून वाट काढता काढता वाइन मुरेपर्यंत माणूस मुरतो, असे तो म्हणाला. २००८ नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटक रोडावले, वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि ज्यांनी करारावर वाइनची द्राक्षे लावली होती त्या शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखे वाढवलेले वेल कुऱ्हाडीने तोडले. वाइनच्या जातीचे घड बारीक मण्यांचे, बियांचे. ते मंडईत कोणी घेत नाही. वाइनरीने पाठ फिरवली की त्यांना दुसरे दार नाही. म्हणून या कुटुंबाने आपल्या जमिनीच्या निम्म्याहून अधिक भागात अजून खाण्याचीच द्राक्षे ठेवली आहेत, आणि मला हा त्यांचा शहाणपणा वाटतो.

दुपारी ओसरीवर जेवणे झाली. जेवणानंतर माईंनी कोनाड्यातून औषधाची बाटली काढून झाकणभर द्राक्षारिष्ट पाण्यातून घेतले. माळ घातल्यापासून त्यांनी घरच्या वाइनचा थेंब चाखलेला नाही, चाखणारही नाहीत. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरपर्यंत त्या अनेक वर्षे चालत गेल्या. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून दिंडीला शिधा पाठवतात. मी धीर करून विचारले की, माळेला आणि या टाक्यांना एका घरात राहताना अडचण होत नाही का? माईंनी प्रश्नाचा राग मानला नाही. गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून बायकांचे मतदान झाले होते, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारायला पहिल्या रांगेत त्या होत्या. नातवाने वाइनरी काढायची म्हटली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: मजुरी कधी बाटलीच्या रूपाने द्यायची नाही, आणि गावातल्या माणसाला घरच्या दारातून विकायची नाही. ‘‘माझ्या दिराचं मरण मी पाह्यलंय,’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढचे काही सांगितले नाही. त्या दोन अटी आजवर मोडलेल्या नाहीत, असे धाकट्या सुनेने मला नंतर सांगितले. तिच्या सांगण्यात सासरच्या धाकाचा सूर नव्हता. त्या अटी तिलाही मान्य होत्या.

२०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राज्यात केवढा गदारोळ उठला, हे सर्वांना आठवत असेल. शेतकऱ्याचे हित पुढे करून निर्णयाचे समर्थन झाले, संस्कृतीचे नाव घेऊन विरोध झाला, आणि अखेर तो निर्णय अमलात आला नाही. माझे मत तेव्हा ठरत नव्हते. माईंच्या ओसरीवर ते ठरले. लहान वाइनरीला आपल्याच बागेत, आपल्या नावानिशी, सुटसुटीत परवान्यावर माल विकता आला पाहिजे, आणि जांभूळ, करवंद, बोर यांसारख्या फळांच्या वाइनला द्राक्षाइतकीच सवलत मिळाली पाहिजे, असे मी मनापासून म्हणेन. परंतु ती बाटली गव्हाच्या आणि तेलाच्या शेजारी मांडण्याची घाई करू नये. ज्या गावातल्या बायकांनी रांगा लावून एक बाटली आडवी केली, त्यांना विचारल्यावाचून दुसरी बाटली उभी करणे मला रुचत नाही. माईंनी आपल्या घरापुरती जी मर्यादा आखली आहे, तिच्यात शेतकऱ्याची मिळकत आणि बाईचे दुःख या दोहोंना जागा आहे. कायदे लिहिणाऱ्यांनी ती ओसरी एकदा पाहून यावी.

परतण्यापूर्वी तात्या अंगणातल्या जांभळाच्या झाडाखाली उभे राहून वर पाहत होते. पिंपळीला कालव्याच्या अंगाला त्यांचा जो लांब बांध आहे, तो उन्हात उघडा पडलेला आहे. तेथे पाचसहा झाडे लावली तर कसे, असे त्यांनी माईंना विचारले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बहाडोली जात मोठ्या फळाची, कलम लावले तर चारपाच वर्षांत फळ धरते, असे थोरल्याने सुचवले. बी लावून वाढवलेले झाड आठदहा वर्षे घेते खरे, पण ते वादळात उभे राहते, असे माईंचे म्हणणे पडले. तात्यांनी स्वतःच्या वयाचा उल्लेख केला नाही आणि माईंनीही केला नाही. मग दोन झाडांत अंतर किती ठेवावे यावर बोलणे आले. तात्या वीस फूट म्हणाले. बांधावरच्या झाडाला एवढे पुरे. माई तेहेतीसच्या खाली यायला तयार नव्हत्या, आणि मुळे बागेकडे पसरू नयेत म्हणून बांधाच्या आतल्या अंगाने चर खणायला विसरू नका, असेही बजावत होत्या. धाकटी सून चहा घेऊन आली तरी हा वाद मिटला नव्हता.